मुलासाठी वेगळं नाव शोधताना

एका जोडप्यानं विचारलं आहे: "आम्हांला मुलगा झाला. हस्त नक्षत्र, तिसरं चरण, म्हणून गुरुजींनी 'ण' हे अक्षर काढून दिलं आहे. वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव आम्हांला हवं आहे. आमच्या यादीत अनय, रियांश, शार्ङ्ग आणि भिल्लम ही नावं आहेत. आजेसासूबाई म्हणतात, बाळाच्या पणजोबांचं 'सोपान' ठेवा, पण ते फार जुनं वाटतं. दवाखान्यातून नाव लवकर द्या म्हणून फोन येतात. आडनाव काळे, मूळ गाव सासवडजवळ. काय करावं?"

सगळ्यात आधी ती फोनची घाई बाजूला ठेवा. एकवीस दिवसांत नोंद व्हायला हवी ती जन्माची. नावाला एवढी घाई नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये बाळाचं नाव मागाहून घालण्याची सोय आहे. नावाचा रकाना कोरा ठेवून जन्म नोंदवता येतो. बारा महिन्यांच्या आत नाव कळवलं तर शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. डिस्चार्जच्या गडबडीत, बिलाच्या खिडकीशी उभं राहून ठरवलेली नावं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यातली कितीतरी पुढे दुरुस्तीला आलेली पाहिली आहेत. कोरा रकाना भरणं सोपं असतं, भरलेला बदलणं फार अवघड. तेव्हा दवाखान्याला कळवून टाका की नाव नंतर देतो, आणि निवांत बसा.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलं. शेवटची आठ वर्षं शाळेचं जनरल रजिस्टर आणि दहावीचे फॉर्म तपासण्याचं कामही माझ्याकडे होतं. त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी पाहिलं: कोशात काय लिहिलंय ते, आणि तेच नाव घेऊन एक मुलगा दहा वर्षं बाकावर कसा बसतो ते. निवृत्तीनंतर ओळखीचे-पाळखीचे नावासाठी येतात. जवळजवळ प्रत्येक जण 'कुणाचंच नसेल असं' हेच मागतो. ती इच्छा मला समजते. माझ्या एका तुकडीत चार अथर्व होते. हजेरी घेताना आडनावाशिवाय कुणालाच पुकारता येत नसे आणि त्या चौघांपैकी एक जण तर स्वतःची ओळखच 'अथर्व तीन' अशी करून द्यायचा. आईबापांनी आवडीनं ठेवलेलं नाव आकड्यावर यावं, हे बघून वाईट वाटायचं.

आता तुमची यादी.

'अनय' बहुतेक तुम्ही बाळांच्या नावांच्या एखाद्या यादीतून उचललं असेल. तिथे अर्थ काहीही दिलेला असो, संस्कृतात 'नय' म्हणजे नीती, योग्य वर्तन, आणि 'अनय' म्हणजे त्याच्या उलट: अनीती, अन्याय, संकट. आपट्यांच्या संस्कृत कोशात हेच अर्थ आहेत. मराठी गौळणींत राधेचा नवरा 'अनया' म्हणून येतो, तेवढी एक ओळखीची जागा या नावाला आहे, पण त्यासाठी कुणी मुलाचं नाव ठेवत असेल असं वाटत नाही. माझ्या वर्गात एक अनय होता. नववीत सुभाषितं शिकवताना 'नय' शब्द आला, मी अर्थ सांगितला, आणि पुढच्या बाकावरच्या मुलानं लगेच मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. 'अ' लावला की उलटा अर्थ होतो हे मीच त्यांना सहा महिन्यांपूर्वी शिकवलं होतं. तो मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, माझ्या नावाचा दुसरा काही अर्थ आहे का?" मी त्याला गौळणींतला अनया सांगितला. त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

'रियांश' मध्ये 'अंश' खरा आहे. 'रिया' चा 'सूर्य' असा अर्थ कोणत्याही संस्कृत कोशात नाही. तुमचं नाव रिया असेल तर मात्र ते अगदी बरोबर आहे, कारण मग त्याचा सरळ अर्थ 'रियाचा अंश' असा होतो. गेल्या काही वर्षांत अशी नावं जुळणी करून तयार होतात: एक गोड वाटणारा तुकडा पुढे, 'आंश', 'इक' किंवा 'आन' मागे, आणि अर्थाच्या जागी 'सूर्याचा किरण' किंवा 'देवाची कृपा'. याच्या उलटही होतं. 'कियान' हे नाव लोक याच ढिगात टाकतात, पण ते अस्सल इराणी नाव आहे, तिथल्या पुराणकथांतल्या राजघराण्याचं. ठेवावंसं वाटलं तर खुशाल ठेवावं, पण मुलाला ते इराणचं म्हणून सांगावं. परक्या भाषेतून आलेलं नाव म्हणजे कमअस्सल असं मुळीच नाही. आपला 'मिहिर' मुळात इराणी 'मिह्र' वरूनच आलेला आहे, आणि वराहमिहिरापासून तो आपल्यात नांदतो आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज झालेलं नाव म्हणजे 'आरव'. अर्थ म्हणून बहुतेक ठिकाणी 'शांत' लिहिलेलं असतं. 'रव' म्हणजे आवाज, आणि 'आरव' म्हणजे आवाज, ओरडा. त्यासाठी संस्कृत कोश उघडायचीही गरज नाही, आपल्या मराठीत कोंबडा आरवतो. आवाज हा काही वाईट अर्थ नाही, 'निनाद' आपण कौतुकानं ठेवतोच. पण आपल्या बाळाच्या नावाचा अर्थ आपल्याला उलटा माहीत असावा, हे बरं नाही. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालचा आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. नाव पक्कं करण्याआधी दहा मिनिटं तिथे घालवा. दोन्हीकडे सापडलं नाही तर ते नाव घरचं असेल, दुसऱ्या भाषेचं असेल किंवा कुणीतरी जुळवलेलं असेल. तिन्हींपैकी काय ते शोधा, मग ठरवा.

'शार्ङ्ग' वाचून मला आनंद झाला. शार्ङ्ग म्हणजे विष्णूचं धनुष्य, शिंगाचं. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता, ज्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. म्हणजे हे नाव आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी नांदलेलं आहे. अडचण एकच, पण ती रोजची. र्, ङ् आणि ग अशी तीन व्यंजनं एकमेकांना लागून. सावकाश उच्चारा. जमलं? आता सात वर्षांच्या मित्राला मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ते ओरडायचं आहे. तो 'शारंग' म्हणेल, नाहीतर 'सारंग'. सारंग हे छान नाव आहे, पण मग शार्ङ्ग कशासाठी ठेवलं? शिवाय 'ङ्ग' हे जोडाक्षर अनेक कार्यालयांतल्या संगणकांवर धड उमटत नाही, पाय मोडलेला 'ङ' आणि शेजारी 'ग' असं काहीतरी छापून येतं. मनापासून आवडत असेल तर 'शारंगधर' हे मराठीत रुळलेलं रूप घ्या. बोलायला सोपं, आणि मागे तेच धनुष्य.

'भिल्लम' हेही देवगिरीचंच. पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीला तिथे यादवांचं स्वतंत्र राज्य उभं केलं. ऐतिहासिक नाव शोधताना लोक चार-पाच ठरलेल्या नावांपुढे जात नाहीत, तुम्ही गेलात याचं कौतुक वाटतं. पण मराठी मुलगे एकमेकांना कशी हाक मारतात ते आठवा. दिनेशचा दिन्या, प्रकाशचा पक्या, विनोदचा विन्या. नाव कितीही भारदस्त असो, दुसरीपर्यंत त्याला 'या' लागतोच. भिल्लमचं काय होईल? त्यातून 'भिल्ल' हा शब्द चिडवण्यासाठी वापरला जाईल, आणि त्याच वर्गात एखादा भिल्ल समाजाचा मुलगा बसलेला असेल तर त्याचाही अपमान होईल. तुमच्या मुलाचा यात दोष नसेल, पण त्याला रोज त्यातून जावं लागेल. म्हणून मी हे नाव सुचवणार नाही.

नाव कसं असावं याची जुनी शास्त्रंही सांगते, कारण कुणीतरी घरातलं ती तुमच्यापुढे ठेवेलच. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावाचे नियम आहेत: दोन किंवा चार अक्षरांचं असावं, सुरुवात घोष वर्णानं म्हणजे ग, ज, द, ब, भ अशा अक्षरानं व्हावी, मध्ये य, र, ल, व पैकी एखादं यावं. ध्वनीचा विचार म्हणून हे वाचण्यासारखं आहे. ते पाळलंच पाहिजे असं मात्र नाही, केशव आणि माधव तीन अक्षरी असूनही शेकडो वर्षं चालत आलेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आणखी एक श्लोक आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवान, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं 'जुगुप्सित', म्हणजे किळस यावी असं. मी हा श्लोक लपवून ठेवत नाही. नाव ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्यांना ती हिसकावून घ्यायची होती त्यांना नीट कळलेलं होतं. आणि त्याच्या अगदी जवळ, दोनच श्लोक पुढे, मुलींच्या नावांबद्दल लिहिलंय: सुखोद्य, अक्रूर, विस्पष्टार्थ, मनोहर. उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्वच्छ असलेलं, मनाला भावणारं. मुलींपुरती सांगितलेली ही कसोटी मी मुलांनाही लावते, सगळ्या जातींच्या मुलांना लावते, आणि तिच्यापलीकडे दुसरी कसोटी मला लागलेली नाही. त्यातही पहिला आणि तिसरा शब्द महत्त्वाचा: सुखोद्य आणि विस्पष्टार्थ. हे दोन असतील तर नाव कितीही वेगळं असू दे, मूल ते सहज पेलतं. हे दोन नसतील तर सगळ्यांच्या ओळखीचं नावही बोचतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे मिलिंद. ग्रीक राजा मेनांडर, पाली ग्रंथात तो 'मिलिंद' झाला, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं, आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांच्या आजोबा-पणजोबांवर 'जुगुप्सित' नावं लादली गेली होती, त्या घरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद अशी नावं विचारपूर्वक ठेवली गेली. आज मिलिंद सगळ्या महाराष्ट्राचा आहे, कोणत्याही जातीत सापडतो. संस्कृतात 'मिलिंद' म्हणजे भुंगा हाही अर्थ आहेच. उच्चारायला सोपं, अर्थ स्वच्छ, मागे केवढी मोठी गोष्ट. आणि 'नागसेन' अजून बऱ्यापैकी दुर्मीळ आहे, ते तुमच्या यादीत घालायला हरकत नाही.

वेगळं नाव शोधायला लोक परक्या याद्यांत जातात, आणि घराच्या माळ्यावर पडलेली नावं विसरतात. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींसाठी कितीतरी घरांनी जुने गाव नमुने काढले, मोडी वाचणारे शोधले, आपल्या खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा वाचलं. माझ्याकडेही अशी एक यादी घेऊन दोघं भाऊ आले होते. कागदाच्या कडा विरलेल्या, मोडीखाली कुणीतरी पेन्सिलीनं बाळबोधीत नावं उतरवलेली: राघो, विसाजी, सुभानजी, येसाजी, खंडो, हैबतराव, नारो. मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले आणि धाकटा भाऊ म्हणाला, "ही सगळी आमची?" 'हैबत' म्हणजे दरारा, अरबीतून आलेला शब्द, मराठी घरात केवढा मुरलेला. 'येसाजी' किंवा 'राघो' आज ठाण्या-पुण्याच्या एखाद्या बालवाडीत असेल तर दुसरा सापडणार नाही. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडच्या वह्यांत, काही घराण्यांच्या कुलवृत्तांतांत अशीच नावं मिळतात. ग्रामदैवताकडे बघा: कोकण-गोव्यात रवळनाथ, जेजुरीला मार्तंड. झाडांकडे बघा: शिरीष एका पिढीनं भरपूर ठेवला, पण कदंब, औदुंबर, पळस तसेच राहिले. जुन्या भूगोलाकडे बघा: गोदाकाठच्या प्राचीन जनपदाचं नाव अश्मक होतं, सोळा महाजनपदांमध्ये दक्षिणेतलं ते एकच. अश्म म्हणजे दगड. मूल जगावं, कुणाची नजर लागू नये म्हणून ज्या आयांनी मुलांना दगडू, धोंडू म्हटलं त्यांच्या मनातला दगड तोच. धोंडो केशव कर्वे १८५८ ते १९६२, एकशे चार वर्षं जगले. धोंडो या नावाला जो नाक मुरडतो त्याला मी हे नाव आवर्जून सांगते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. अर्थ चांगला असूनही एखादं नाव शाळेत अडतं. विष्णुसहस्रनामातलं 'अव्यय' हे उत्तम नाव, कधी न झिजणारा असा अर्थ. पण मराठीच्या व्याकरणात क्रियाविशेषण अव्यय, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय, केवलप्रयोगी अव्यय असे चार धडे त्या मुलाला बसून ऐकावे लागतात. माझ्या वर्गातल्या अव्ययला मी पहिल्याच दिवशी उभं करून त्याच्या नावाचा अर्थ साऱ्या वर्गाला सांगितला, म्हणून बरं झालं. प्रत्येक वर्गात ते कुणी करेलच असं नाही. तसंच आडनाव जोडून बघा. मधुर नाव गोड आहे, कडू आडनावापुढे नको. तुमचं आडनाव काळे, म्हणून गौर, शुभ्र, धवल ही नावं सोडून द्या. मराठी पद्धतीनं आद्याक्षरंही लिहून बघा. वडिलांचं नाव 'र' नं सुरू होत असेल तर मानसचं 'मा. र.' होतं.

हाकेची परीक्षा मी सगळ्यांना घ्यायला लावते. यादीतली नावं कागदावर वाचू नका. संध्याकाळी गॅलरीत उभं राहा आणि खाली खेळणाऱ्या मुलाला जेवायला बोलवायचंय अशी कल्पना करून एकेक नाव तीनदा पुकारा. रागावून, लाडानं, आणि घाबरून. कुठलं नाव घशात अडकतं ते लगेच कळतं. मग ते आजीला म्हणायला सांगा, दुधवाल्याला सांगा, शेजारच्या बिहारी किंवा तमिळ कुटुंबाला सांगा. 'ज्ञ' असलेल्या नावाला मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाला 'ग्य', गुजराती 'ग्न'. तुमच्या यज्ञेशला तीन नावं आपोआप मिळतील. 'ळ' रोमन लिपीत लिहिताच येत नाही. आणि पुढे कुणी परदेशी जाणार असेल तर तिथलाही विचार करा. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यानं मुलाचं नाव 'वीर' ठेवलं. जर्मन भाषेत 'व्ही' चा उच्चार बहुधा 'फ' होतो आणि दोन 'ई' चा उच्चार लांब 'ए', म्हणून बालवाडीतल्या बाई त्याला 'फेर' म्हणायच्या. तिकडे 'जय' चा 'याय' होतो. नाव बदला असं मी म्हणत नाही, पण आधी माहीत असलं की रोमन अक्षरं कशी लिहायची ते विचारानं ठरवता येतं.

कागदांचं बोलायलाच हवं, कारण वेगळ्या नावाला सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो. आमच्या एका दहावीच्या मुलाचं नाव रुद्रांश. फॉर्म भरायच्या आठवड्यात त्याचे वडील प्लॅस्टिकची फाइल घेऊन माझ्यासमोर बसले. जन्मदाखल्यावर रुद्रांश. आधारवर रोमनमध्ये एक 'ए' जास्तीचा. शाळेच्या रजिस्टरात पहिलीच्या प्रवेशावेळी कुणीतरी लिहिलेलं 'रुद्राश', अनुस्वार नाही. एका टिंबासाठी त्या माणसानं चार दिवसांची रजा टाकली. ते टिंब आमच्याच शाळेकडून सुटलं होतं, म्हणून मी स्वतः त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत गेले. तो मुलगा शाळेतच होता म्हणून निभावलं. शाळा सुटल्यावर रजिस्टरातलं नाव शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलत नाही. हृषीकेशचं तर विचारूच नका. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश. देवनागरीत लोक 'ऋषिकेश' लिहितात आणि रोमनमध्ये कुणी 'एच' नं सुरू करतं, कुणी 'आर-आय', कुणी 'आर-यू'. एकाच मुलाच्या तीन कागदांवर तीन रूपं मी पाहिली आहेत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत मूळ कागद धरला जातो. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर नाव तोंडी सांगू नका. पांढऱ्या कागदावर देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत, सुटी सुटी अक्षरं काढून लिहा आणि तो कागद हातात द्या. दाखला पक्का होण्याआधी पडद्यावर अक्षर न् अक्षर वाचा, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारासकट. आधार काढताना रोमन टंकलं की मराठी आपोआप उमटतं, तेही तिथेच उभं राहून वाचा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे, म्हणजे नाव आता चार शब्दांचं झालं. ते चारही एका दमात म्हणून बघा. पहिला शब्द फार लांब असेल तर इथे कळतं.

'ण' ची काळजी करू नका. पंचांगात आर्द्रेला 'ङ', हस्ताला 'ण' आणि उत्तराभाद्रपदेला 'ञ' येतं, आणि या तिन्ही अक्षरांनी सुरू होणारं नाव आपल्याकडे नाही. हस्त म्हणजे कन्या रास, तिची बाकीची अक्षरं बहुतेक 'प' ची आहेत. गुरुजींना विचारून बाळाच्या कानात सांगायचं नावरस नाव 'प' चं घ्या, आणि हाकेचं नाव कोणत्याही अक्षराचं ठेवा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ही दोन नावं वेगळी राहिली आहेत. कन्या राशीला 'पांडुरंग' सहज बसतं. ते आत्यानं कानात सांगितलं की शास्त्रही झालं.

आता आजेसासूबाईंच्या नावाकडे येते, आणि माझं मत स्पष्ट सांगते. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात चांगलं नाव तुमच्या यादीत नाही. सोपान म्हणजे जिना, पायऱ्यांची वाट. आईवडिलांनी मुलांची नावं ठेवली ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी विरक्ती, मग ज्ञान, मग वर चढायच्या पायऱ्या, आणि शेवटी मुक्ती. चार भावंडांच्या नावांत एवढा विचार केलेला दुसरीकडे क्वचित दिसेल. ज्ञानेश्वर घरोघरी झाला, निवृत्ती खेड्यांत टिकला, मुक्ता मुलींत परत आली, सोपान मात्र शहरांत जवळजवळ संपला. तुम्ही सासवडजवळचे. सोपानदेवांची समाधी कऱ्हेकाठी तुमच्याच सासवडला आहे, तिथूनच त्यांची पालखी पंढरीला निघते. केरळात देवळाच्या गाभाऱ्यापुढच्या पायऱ्यांशी उभं राहून गातात त्या गायनालाही 'सोपान संगीत' म्हणतात, म्हणजे मल्याळी शेजाऱ्यालाही नाव परकं वाटणार नाही. तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, 'ळ' नाही, 'ज्ञ' नाही. मुलांनी 'सोप्या' केलं तरी त्यात चिडण्यासारखं काही नाही. काळे आडनावाशी कुठेही घासत नाही. वर्गात दुसरा सोपान मिळण्याची शक्यता फार कमी. तुम्हांला ते जुनं वाटतं, कारण तुम्ही ते एका म्हाताऱ्या माणसाचं म्हणून ऐकलं आहे. तुमच्या मुलाच्या वर्गाला ते कुणाचंच म्हणून माहीत नसेल.

आणि आजींचा एकदा विचार करा. त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज तोंडावाटे काढत नसत. 'इकडून', 'तिकडून', 'ह्यांनी' असं म्हणत संसार झाला. ते नाव त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल? आता त्या पणतवाला मोठ्यानं त्याच नावानं हाक मारू म्हणतात. त्यांच्याजवळ बसा आणि पणजोबा कसे होते ते विचारा. ऐकून झाल्यावरही नाव मनाला पटलं नाही तर ठेवू नका, कारण रोज हाक तुम्हांला मारायची आहे. तसं झालं तर नागसेन, शारंगधर आणि मार्तंड ही तीन नावं गॅलरीत पुकारून बघा.

सोपान ठरलं तर रोमनमध्ये एस, ओ, पी, ए, एन, एवढीच पाच अक्षरं. हौसेनं किंवा अंकशास्त्रासाठी मध्ये आणखी एक 'ए' घालू नका. जन्मदाखला, आधार, शाळा, सगळीकडे हीच पाच.